फोटोतला उजवा कान

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, माझा एकच कान गोल का आहे?" मी म्हटलं, "तू तशीच जन्मलीस, बाळा." हे खोटं होतं. तुझी आई तुझ्या शेजारी बसली होती, ते मला तिच्या श्वासावरून कळत होतं. तिनेही काही दुरुस्त केलं नाही. फोन ठेवल्यावर मी पान वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

थोरली आता सात वर्षांची आहे आणि धाकटा दोनचा. हे तुम्हाला आज वाचता येणार नाही. पुढे कधीतरी तुमची आई वाचून दाखवेल, किंवा तुम्हीच मराठी शिकाल. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. पण यातली चूक मला इंग्रजी नीट वाचता येत होतं म्हणून झाली. तेव्हा ती मराठीत लिहिते. आणि आत्ताच लिहिते, कारण खोटं बोलून आठ दिवस झाले. आणखी थोडे दिवस गेले तर मलाच ते खरं वाटायला लागेल.

आधी आपण कोण, ते सांगते. तुम्ही राहता तिकडे आपल्याला एल्फ म्हणतात. आपला शब्द जाख. आपली माणसं डोंगरातून खाली गावात येऊन सहा-सात पिढ्या झाल्या. दिसायला आपण इतरांसारखेच. फक्त कानाला वर टोक असतं, बोटाच्या एका पेराएवढं, आणि ते मागे झुकलेलं असतं. तान्ह्या मुलाचं टोक मेथीच्या कोवळ्या पानासारखं दुमडलेलं असतं, ते दुसऱ्या वर्षानंतर हळूहळू उठतं. त्या टोकाने लांबचं ऐकू येतं. जमिनीखालचं पाणी, दोन घरांपलीकडचं बोलणं, विजेच्या तारेतली गुणगुण. यात जादू वगैरे काही नाही, घारीला लांबचं दिसतं तसंच हे. पण आपण चोरून ऐकतो असं माणसांना कायम वाटत आलं आहे. पुण्यातसुद्धा ज्या घराची भिंत दुसऱ्या घराला लागून आहे ते आपल्याला भाड्याने मिळत नसे. टेलिफोन खात्यात तर आपल्यापैकी कुणाला घेतच नसत. मला शाळेने घेतलं, कारण मागच्या बाकावर काय चाललंय ते मला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं. हे मुख्याध्यापकांनी मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं.

बऱ्याच जाख घरांत मुलाचे कान खुडायची रीत होती. टोक उठायला लागलं की त्याच्या बुडाशी मेण लावलेला दोरा बांधायचा आणि रोज थोडा आवळायचा. तान्ह्याची नाळ वाळून पडते, तसं सात-आठ दिवसांत टोक वाळून पडतं. तिसरं वर्ष संपलं की कान टणक होतो, मग दोरा चालत नाही. हे काम घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईचं. तुमच्या बाबांच्या घरी ही रीत होती, त्यांचे दोन्ही कान लहानपणीच खुडलेले आहेत. आपल्या घरी ती माझ्या आजीने बंद केली. तिने काही भाषण केलं नाही, तिने दोरा चुलीत टाकला. त्यानंतर आपल्या घरात कुणाच्या कानाला कुणी हात लावला नव्हता.

थोरली पुण्यात माझ्याकडे जन्मली, २००१ च्या उन्हाळ्यात. तुमची आई तिकडे स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकून पिस्कॅटवेला नोकरीला लागली होती. बाळंतपणाला आली आणि तू चार महिन्यांची असताना तुला माझ्याजवळ ठेवून परत गेली. दोघांच्या नोकऱ्या, व्हिसा, लहान जागा. वर्षभरात घेऊन जाऊ असं ठरलं होतं. त्या सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर तिकडे ज्याची दाढी वेगळी, टोपी वेगळी, त्याच्याकडे लोक वळून पाहायला लागले. आपले तर कानच वेगळे. तुमची आई फोनवर सगळं ठीक आहे म्हणायची. ती माझ्याशी फार मोठ्याने बोलायला लागली होती. मला वाटायचं लाइन खराब आहे.

२००२ च्या डिसेंबरात मी तुला घेऊन न्यूअर्कला उतरले. तू वीस महिन्यांची होतीस, हनुवटीखाली बांधलेली लोकरीची टोपी घालून माझ्या खांद्यावर झोपली होतीस. तुझ्या कानांकडे कुणी पाहिलं नाही. मला मात्र बाजूला घेतलं, टोपी काढायला लावली, एका बाईने दोन्ही टोकं हातमोजे घालून चाचपली आणि पासपोर्टवर एक लहानसा शिक्का मारला. त्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. आयुष्यात डोळ्यांसमोर आलेलं छापील अक्षर मी एवढं एकदाच वाचायचं टाळलं असेन.

बाहेर तुमची आई उभी होती. तिने तुला कडेवर घेतलं आणि चेहरा बघण्याच्या आधी तुझी टोपी आणखी खाली ओढली. तू रडायला लागलीस, तुला ती ओळखीची नव्हती. गाडीत बसल्यावर तिने स्वतःची टोपी काढली. तिचे कान गोल होते.

थोड्या वेळाने तिनेच सांगितलं. मागच्या वर्षी ऑक्टोबरात एका डॉक्टरकडून कापून घेतले, दुखलं नाही फारसं, ऑफिसात आता कुणी काही म्हणत नाही. गाडी चालवताना ती हे सांगत होती आणि तुमचे बाबा मागे बसून तुझा मोजा परत परत पायात घालत होते. पिस्कॅटवेच्या जवळ आल्यावर तिने मला विचारलं, "आई, बर्फ पडतोय का गं बाहेर?"

पडत होता. बर्फ पडताना बारीक आवाज येतो, चाळणीतून रवा पडावा तसा. काचेवर अजून एक कणही दिसत नव्हता. ती स्वतः ऐकू शकत नव्हती, म्हणून मला विचारत होती. मी "हो" म्हटलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

हिवाळा आपल्याला सोयीचा गेला, कारण सगळ्यांच्याच डोक्यावर टोप्या असतात. तरी मी घाबरलेलीच असे. तुम्ही लहान आहात म्हणून सोपं करून सांगत नाही: मी सकाळी उठल्यापासून घाबरलेली असे. दाराच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला होता, किल्ली, टोपी, रुमाल, टोपीची गाठ. या चारही गोष्टी झाल्याशिवाय मी तुला उंबऱ्याबाहेर नेत नव्हते. नाताळच्या आधी आपण एका मॉलमध्ये गेलो. तिथे लाल कपड्यातल्या म्हाताऱ्यापाशी दोन मुली प्लास्टिकचे टोकदार कान लावून मुलांना गोळ्या वाटत होत्या आणि सगळे लोक त्यांचे फोटो काढत होते. तू बोट दाखवून ओरडलीस, "आजी, आपली!" मी तुझं बोट मुठीत धरलं आणि सरळ बाहेर पडले. तुझी गोळी राहिली म्हणून तू घरी येईपर्यंत रडत होतीस.

शेजारच्या दारात नागपूरची एक बाई राहायची. तुमच्या आईच्या वयाची, जाख नव्हे, माणसांतली, तुझ्याएवढा मुलगा असलेली. स्वभावाने चांगली. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी वाटीत सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबीरवडी, घेऊन आली. "काय करून राहिल्या काकू?" म्हणत रोज डोकवायची. मला हसून म्हणायची, "तुम्ही आल्यापासून मला नवऱ्याला बोलायची सोय नाही राहिली. मधे भिंत असून नसल्यासारखी." मी पण हसायचे. त्यांचं भांडण मला खरंच ऐकू यायचं, आणि ते ऐकू येत नाही असं दाखवण्यात माझा अर्धा दिवस जायचा.

तिच्या मुलाचा वाढदिवस होता तेव्हा ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "काकू, पोरीला आणा बरं का. फक्त टोपी राहू द्या. माझ्या मनात काही नाही जी, बाकीचे पेरेंट्स विचारतात ना." मी तुला घेऊन गेले. गरम होत होतं, तू टोपी काढायला बघत होतीस. केक कापेपर्यंत मी तुझ्या मागे दोन्ही हात तयार ठेवून उभी होते. त्या घरात सगळे मराठी बोलणारे होते.

सगळ्यांत आधी कचेरीतल्या खिडकीबद्दल मला तिनेच सांगितलं. तुमच्या बाबांनी कायम राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचं ठरवलं होतं, तिच्या नवऱ्याने तो आधीच केला होता. ती म्हणाली, टोकाचे कान असलेल्यांच्या फाइली वेगळ्या खिडकीला जातात, तिकडून परत येत नाहीत. एका घराची फाइल एकच. एकाच्या कानाला टोक दिसलं की सगळं घर त्या खिडकीला. तिकडच्याच फ्रिस्को गावातलं एक जाख कुटुंब तुमच्या बाबांच्या ओळखीचं होतं. त्यांचं असंच झालं. एके दिवशी त्यांनी फ्रीज, पलंग, मुलाची सायकल शेजाऱ्यांना वाटून टाकली आणि निघून गेले.

तुमच्या आईबाबांचे कान आता गोल होते. माझं नाव त्या अर्जात नव्हतं. राहिलीस तू, आणि तुझी टोकं त्या मार्चमध्ये उठायला लागली होती. आंघोळ घालताना माझ्या बोटाला लागायची. तुला खूप काही ऐकू यायला लागलं होतं. नळ न उघडता पाइपातलं पाणी ऐकून तू हसायचीस. तुमची आई तुझ्याकडे बघत राहायची, आणि मला ते बघवत नसे.

एप्रिलात ऊन पडायला लागलं. इमारतीमागे मुलांना खेळायला जागा होती. त्या दिवशी तू घसरगुंडीवर होतीस, सुती टोपी घातलेली. एकदम थांबलीस, मान वळवलीस आणि "आइस्क्रीम, आइस्क्रीम" करत रस्त्याकडे पळत सुटलीस. आइस्क्रीमची गाडी मलाही ऐकू येत होती. ती अजून तीन रस्ते लांब होती. मी तुझ्यामागे धावले, तुला पकडलं, आणि मागे बघितलं तर सगळ्या आया आपल्याकडे बघत होत्या. गाडीचं गाणं त्यांना ऐकू यायला बराच वेळ लागला. ते आलं तेव्हा एका बाईने आपल्या मुलाला झोपाळ्यावरून उतरवलं. मग दुसरीने.

एक गृहस्थ बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते उठून माझ्याजवळ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले की मुलीची टोपी जरा काढाल का. उत्तर मला चार प्रकारे देता आलं असतं. मी तुला उचललं आणि चालायला लागले. ते मागे आले. धावले नाहीत. आपल्या जिन्यापर्यंत आले आणि खाली उभे राहून आपण कुठल्या दारात शिरतो ते बघत राहिले.

त्यांच्या डाव्या बुटाची टाच किरकिरत होती. त्या दिवसापासून तो बूट मला रोज ऐकू यायला लागला. सकाळी नऊच्या सुमाराला एकदा, संध्याकाळी एकदा. तो आपल्या इमारतीजवळून जायचा आणि जिन्यापाशी आला की माझ्या हातातलं काम थांबायचं. पुढे गेला की मी पुन्हा भाजी चिरायला घ्यायचे. कुणी आलं नाही, दार वाजलं नाही, पत्र आलं नाही. पण तो बूट ऐकू येणारी घरात आता मी एकटीच नव्हते. तूही माझ्याबरोबर थांबायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघायचीस.

जूनच्या सुरुवातीला वकीलबाईंचा निरोप आला की अर्ज तयार आहे, फोटो पाठवा. सोबत सूचनांचा कागद होता. त्या शनिवारी दुपारी तुमची आई, बाबा आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. तू आत झोपली होतीस. मी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. तेव्हा सगळ्यांनाच असा फोटो द्यावा लागे, माणसांनासुद्धा: चेहरा डावीकडे थोडा वळलेला आणि उजवा कान पूर्ण उघडा.

तुमची आई म्हणाली, "दोन्ही करून टाकू. आज ना उद्या शाळेत जायचंच आहे तिला."

मी म्हटलं, "इथे उजवा लिहिलाय."

तुमचे बाबा हळू आवाजात म्हणाले, "आई, ते लोक कागदासारखे वागत नाहीत हो."

"कागद मागणारा कागदच बघतो," मी म्हटलं. "मी तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. जेवढं विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं."

खरं तर मला काहीच खुडायचं नव्हतं. आठवडाभर मी मनात वेगवेगळी वाक्यं जुळवत होते, आपल्या घरात ही रीत नाही, माझ्या आजीने दोरा चुलीत टाकला होता. टेबलाशी बसल्यावर त्यातलं एकही मी बोलले नाही. बोलू लागले असते, पण माझ्या कानात टाच किरकिरत होती. मग मला उजवा हा शब्द सापडला आणि मी तो धरून बसले. त्या दोघांना दोन कान द्यायचे होते, मला एकही नको होता, आणि कागदात एक लिहिलेला होता. आपण मोठी हुशारी केली असं मला वाटलं.

तुमच्या आईने विचारलं, "डॉक्टरकडे नेलं तर?"

बाबा म्हणाले, "आता डॉक्टरांना रेकॉर्ड ठेवावं लागतं."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. घरातली सगळ्यांत मोठी बाई मीच होते.

रेशमी दोरा आणि मेण कुठून आणणार? न्हाणीघरातल्या कपाटात दात साफ करायच्या दोऱ्याची डबी होती. मेण लावलेला, पुदिन्याच्या वासाचा. मी तोच घेतला. तू झोपेत असतानाच पहिली गाठ मारली. तुमची आई कपड्यांची टोपली उचलून खाली धुवायला गेली आणि कपडे झाल्यावरही बराच वेळ वर आली नाही. मला खालचं मशीन थांबलेलं ऐकू येत होतं.

सात दिवस लागले. तू फार रडली नाहीस. "आजी, घट्ट," एवढं म्हणायचीस आणि डोकं डावीकडे कलतं धरायचीस. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून अगदी हळू तुला हाक मारली. रोजचा आपला खेळ होता तो, मी लांबून कुजबुजायचं आणि तू धावत यायचं. तू उठलीस, पण आवाज कुठून आला ते तुला कळेना. तू जागच्या जागी गोल फिरलीस आणि दाराऐवजी भिंतीकडे गेलीस. त्यानंतर मी तो खेळ खेळले नाही.

सातव्या दिवशी आंघोळीनंतर टॉवेलमध्ये ते पडलेलं दिसलं. वाळलेल्या पाकळीएवढं. माझ्या सवयीप्रमाणे मी ते कागदात गुंडाळलं, कागदावर तारीख घातली. पुण्याला न्यायचं मनात होतं. मग विमानतळावरची ती हातमोजे घातलेली बाई आठवली आणि माझा धीर झाला नाही. पार्किंगच्या कडेला मेपलचं एक लहान झाड होतं, त्याच्या बुडाशी मी स्वयंपाकघरातल्या चमच्याने खड्डा करून ते पुरलं. भरदुपारी, चारी बाजूंना ऐकत.

फोटो औषधाच्या दुकानात काढला. तिथल्या मुलीने तुझा चेहरा वळवला, केस मागे सारले आणि "परफेक्ट" म्हणाली. खूणसुद्धा दिसत नव्हती. अर्ज गेला. सप्टेंबरात मी पुण्याला परत आले.

पुढच्या वर्षी फोटोचा नियम बदलला. तुमच्या आईने फोनवर सांगितलं की आता तिरका फोटो चालत नाही, समोरून लागतो. चेहरा सरळ, दोन्ही कानांवरून केस मागे. जुने फोटो बाद झाले होते आणि सगळ्यांना कचेरीत जाऊन नव्याने फोटो काढून घ्यायचे होते. ती सांगत होती आणि मी खुर्चीचा हात धरून उभी होते. तू साडेतीन वर्षांची झाली होतीस. डावा कान टणक झाला होता. आता दोरा चालणार नव्हता, डॉक्टरकडे नेलं तर रेकॉर्ड राहणार होतं, आणि एक कान गोल, एक टोकाचा, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला काही उरलं नव्हतं. दोन्ही ठेवले असते तर निदान जन्मतः असं म्हणता आलं असतं. एकच खुडल्यामुळे आम्ही लपवलं हे उघड दिसत होतं. हे सगळं माझ्या उजवा या एका शब्दामुळे.

मी पुन्हा तिकीट काढून तुमच्याकडे आले. घरी बसून फोनची वाट पाहणं मला शक्य नव्हतं.

कचेरीत आपण सकाळी गेलो. तुमच्या आईने तुझे केस डाव्या बाजूला घेऊन दोन पिना लावल्या होत्या. मी रुमाल बांधून मागच्या खुर्चीत बसले. तुमच्या आईबाबांचे फोटो झाले. मग कॅमेऱ्यामागच्या बाईने तुला स्टुलावर बसवलं, पिना काढल्या आणि स्वतःच्या हाताने केस कानामागे घेतले. आधी उजव्या, मग डाव्या. डाव्या कानाशी तिचा हात थांबला.

तिच्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. मी ते मोजत होते, दुसरं काही करता येत नव्हतं. तुमच्या आईने बाबांची बाही धरली होती. नऊ टिकटिक झाल्यावर ती बाई म्हणाली, "लुक हिअर, स्वीटहार्ट," आणि बटण दाबलं.

मग फोटो बरा आला का ते बघायला तिने पडदा आमच्याकडे वळवला. त्यात तुझा चेहरा सरळ होता, डोळे मोठे, दोन्ही कान सारखे. आपलं टोक मागे झुकलेलं असतं, हे मी वर लिहिलंच आहे. समोरून ते दिसतच नाही. त्या बाईने तुला उतरवलं आणि पुढचा नंबर पुकारला. तिला काय वाटलं ते मला माहीत नाही. तिच्या जागी दुसरं कुणी कॅमेऱ्यामागे असतं तर काय झालं असतं, तेही माहीत नाही.

गाडीत बसल्यावर तुमची आई हसायला लागली आणि मग तिला थांबता येईना. ती तिच्या गोल कानांवर दोन्ही हात ठेवून बसली होती. बाबा म्हणाले, "झालं ना आता, होऊन गेलं." मी गणित करत होते. पंधरा महिने थांबलो असतो तर एकही कान खुडावा लागला नसता. तो अर्ज त्या जूनमध्येच द्यायला हवा असंही नव्हतं, वकीलबाईंनी आम्हाला तारीख घातली नव्हती. घाई आमची होती. त्या किरकिरणाऱ्या बुटाची होती.

तो बूट मला त्या भेटीत पुन्हा भेटला. आपण पत्रपेटीशी उभ्या होतो, तो समोरून आला. मी तुझा हात इतका घट्ट धरला की तू ओरडलीस. तो "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि त्याची पत्रं घेऊन गेला. त्याने आपल्याला ओळखलं नाही. तो तिथेच, शेवटच्या इमारतीत राहत होता. रोज कामाला जाताना दुसरा रस्ताच नव्हता त्याला.

मी पुण्याला परत आले त्यानंतर माझा व्हिसा रद्द झाल्याचं पत्र आलं. कारण लिहिलेलं नव्हतं. म्हणून धाकट्याच्या जन्माला मी नव्हते आणि त्याला मी अजून हातात घेतलेलं नाही. तुमची कायम राहण्याची परवानगी व्हिसा रद्द झाला त्याच वर्षी आली. धाकटा दोन वर्षांचा होत आला तेव्हा मी फोनवर तुमच्या आईला विचारणार होते, पण तिनेच आधी सांगितलं, "आई, दाताचा दोरा मी घरात आणत नाही." शेजारच्या नागपूरच्या बाई पुढे मोठ्या घरात राहायला गेल्या. त्यांचा फोन येतो, त्या तुमच्याबद्दल विचारतात.

थोरलीला एक सांगायचं राहिलं. टेबलाशी त्या दिवशी मी कागदाचं कारण दिलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. आपल्यात बारशाला उजव्या कानात बाहेरचं नाव सांगतात, डाव्यात घरातलं. तुझ्या डाव्या कानात ते मी सांगितलं होतं. तिथे मला दोरा बांधता आला नसता. उजव्या कानाला तो बांधताना माझा हात थांबला नाही, हेही खरं आहे, आणि तेही तुला माहीत असायला हवं. मी वाईट बाई नव्हते. मी घाबरलेली होते, आणि घाबरून मी तुझा कान घेतला. तू रागावलीस तरी मला पत्र पाठव.

रविवारी तू म्हणालीस की शाळेच्या बसमधून येताना बर्फ पडायला लागला, आणि तो तुला फक्त डाव्या बाजूने ऐकू आला. धाकटा तेव्हा घरात होता. तुमच्या आईने सांगितलं की तो खेळणं टाकून खिडकीशी जाऊन उभा राहिला होता, बाहेर काहीच दिसत नसताना. त्याचे दोन आहेत, तुझा एक. तुम्हा दोघांत मिळून तीन टोकं आहेत.